ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन
ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन (११ जून, १८१५:कोलकाता, भारत - २६ जानेवारी, १८७९:सिलोन) या ब्रिटिश छायाचित्रकार होत्या. छायाचित्रणाला चित्रकलेच्या तोडीची ललितकला मानून काम करणाऱ्या आरंभीच्या कलावंतांमध्ये त्यांची गणना होते.

जीवन
त्यांचे वडील जेम्स पॅटल ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत होते. १८३८ मध्ये कोलकात्यात त्यांचा विवाह कायदेपंडित चार्ल्स हे कॅमेरॉन यांच्याशी झाला. १८४८ मध्ये हे कुटुंब इंग्लंडला गेले व १८६० मध्ये आइल ऑफ वाइट बेटावर स्थायिक झाले. १८७५ मध्ये ते सिलोनला गेले.

छायाचित्रण
डिसेंबर १८६३ मध्ये, वयाच्या ४८व्या वर्षी, त्यांना मुलगी व जावई यांच्याकडून कॅमेरा भेट मिळाला. कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ आणि कोळशाच्या कोठीची अंधारखोली करून त्या स्वप्रयत्नाने हे तंत्र शिकल्या. कलोडियनचा थर दिलेली काच ओली असतानाच चित्र घ्यावे लागे आणि समोरील व्यक्तीला कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. प्रारंभी अपघाताने आलेली धूसरता त्यांनी पुढे हेतुपूर्वक राखली. छायाचित्रण क्षेत्रातील समीक्षकांनी तो तंत्राचा कच्चेपणा ठरवला. मात्र लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने १८६५ मध्ये त्यांची छायाचित्रे विकत घेतली. चार्ल्स डार्विन, आल्फ्रेड टेनिसन व जॉन हर्षेल यांची त्यांनी टिपलेली व्यक्तिचित्रे प्रसिद्ध आहेत.

वारसा
त्यांच्या भाचीची कन्या, लेखिका व्हर्जिनिया वुल्फ आणि कलासमीक्षक रॉजर फ्राय यांच्या प्रस्तावनांसह त्यांच्या छायाचित्रांचा संग्रह १९२६ मध्ये प्रकाशित झाला.