कोंड्याची किंमत ओळखणारे डॉक्टर

आयर्लंडमधील एनिस्किलन गावी 28 फेब्रुवारी 1911 रोजी डेनिस बर्किट यांचा जन्म झाला. बालपणीच अपघाताने त्यांचा एक डोळा गेला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात ते इंजिनियर होण्यासाठी दाखल झाले; पण तेथे प्रार्थनेस जमणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सहवासात त्यांनी आपले जीवन प्रभूला वाहिले व वैद्यकीचा मार्ग धरला. 1935 साली ते डॉक्टर झाले. एका डोळ्याचा शल्यवैद्य म्हणून सरकारी सेवेत त्यांना प्रथम नकार मिळाला, तरी 1946 साली ते युगांडात रुजू झाले.

तेथे लहान मुलांच्या जबड्यात होणाऱ्या एका कर्करोगाचे त्यांनी वर्णन केले. तो रोग आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. परंतु आम्ही येथे त्यांच्या दुसऱ्या, अधिक साध्या कार्याकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

1966 साली इंग्लंडला परतल्यावर त्यांना नौदलातील डॉक्टर क्लीव्ह भेटले. क्लीव्ह यांनी महायुद्धात खलाशांना बद्धकोष्ठावर गव्हाचा कोंडा दिला होता. युगांडातील खेड्यांत बद्धकोष्ठ व अपेंडिसायटिस क्वचितच आढळत, हे बर्किट यांनी स्वतः पाहिले होते. मग ज्या गोष्टीचे नाव काढण्यास सभ्य माणसे लाजतात, तीच त्यांनी सहकाऱ्यांसह मोजली. 1972 साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार ब्रिटिश खलाशांना दिवसाला सुमारे 100 ग्रॅम शौच होई व अन्न बाहेर पडण्यास तीन दिवसांहून अधिक लागत. युगांडातील खेडुतांना चौपट शौच होई, तेही दीड दिवसात.

हा फरक मुख्यतः चोथ्याचा होता. चोथा पचत नाही, हाच त्याचा गुण. तो पाणी धरून ठेवतो, मळ मऊ व भरीव करतो, त्यामुळे कुंथावे लागत नाही. काही चोथा आतड्यातील जंतू आंबवतात व त्यातून आतड्याच्या अस्तराला पोषण मिळते.

आपल्या घरोघरी असणारे इसबगोल हे त्याच जातीचे. ते थोड्यापासून सुरू करावे व भरपूर पाण्याबरोबर घ्यावे. कोरडे घेतल्यास घशात अडकते. गिळण्याचा त्रास किंवा आतड्याला अडथळा असणाऱ्यांनी ते घेऊ नये. शौचातून रक्त पडत असेल, तर पुडीवर विसंबून न राहता डॉक्टर गाठावा.

बर्किट यांची सर्वच अनुमाने पुढे टिकली नाहीत. मुख्य गोष्ट मात्र टिकली. 2019 साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात रोज 25 ते 29 ग्रॅम चोथा खाणाऱ्यांत हृदयविकार, मधुमेह व मोठ्या आतड्याचा कर्करोग कमी आढळले. हा चोथा प्रामुख्याने अन्नातला होता. म्हणून पुडी ही मदतनीस समजावी. भाकरी, डाळ, पालेभाजी व फळे यांची जागा तिला देऊ नये.

23 मार्च 1993 रोजी बर्किट प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. गरिबाने कोंड्याचा मांडा करावा, असे आपण म्हणतो. या विश्वासू सेवकाने मोठमोठ्या विद्वानांना तोच कोंडा पुन्हा ताटात घ्यायला लावला. चाळणीत उरलेले फेकण्यापूर्वी आपणही क्षणभर थांबावे.