मांजरांना अर्पण केलेलं पाकपुस्तक

मंडळी, लग्नानंतर इकडे येताना आमच्या सौ.च्या बॅगेत कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' होतं. तुमच्याकडेही असेलच! इटालियन घरांमध्ये तोच मान पेल्लेग्रिनो आर्तूसी यांच्या पुस्तकाला आहे. गंमत म्हणजे हे गृहस्थ अविवाहित, धंद्याने रेशमाचे व्यापारी.

जन्म ४ ऑगस्ट १८२०चा, रोमान्या भागातल्या फोर्लिंपोपोली या छोट्या गावात. वडिलांचं किराणा-औषधांचं दुकान, खाऊनपिऊन सुखी कुटुंब. २५ जानेवारी १८५१च्या रात्री 'पास्सातोरे' या कुप्रसिद्ध दरोडेखोराची टोळी गावात शिरली. बडी मंडळी नाटकाला जमली होती, त्यांना थिएटरातच कोंडून टोळीने घरं लुटली. आर्तूसींचंही घर लुटलं गेलं. बहीण जेर्त्रूदे हिला असा धक्का बसला की तिच्या मनाचा तोल कायमचा गेला आणि तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं लागलं. कुटुंबाने गाव सोडलं आणि फ्लोरेन्स गाठलं. आपण निदान आपल्या खुशीने निघालो!

फ्लोरेन्समध्ये व्यापारात जम बसला. पन्नाशीच्या आसपास आर्तूसींनी धंदा आवरला आणि ते लिहू लागले. आधी दोन साहित्यविषयक पुस्तकं लिहिली, त्यांची फारशी कुणी दखल घेतली नाही. मग स्वयंपाक. घरी आचारी फ्रान्चेस्को रुफिल्ली, घर सांभाळणारी मारिएत्ता साबातीनी आणि दोन पांढरी मांजरं. चुलीपाशी फ्रान्चेस्को आणि मारिएत्ता, आणि साहेब चव घेणार, चुका काढणार, पुन्हा करायला लावणार. (आमच्याकडे असं करून बघितलं, पण फार वेळ चाललं नाही.)

प्रकाशक मिळेना, म्हणून १८९१ साली त्यांनी पदरच्या पैशाने १००० प्रती छापल्या. त्यात ४७५ पाककृती होत्या आणि अर्पणपत्रिका चक्क मांजरांना! एका प्राध्यापक मित्राने आधीच सांगितलं होतं की हे काही चालणार नाही. जन्मगावच्या धर्मादाय जत्रेत बक्षीस म्हणून दोन प्रती दिल्या, तर जिंकणाऱ्यांनी त्या तंबाखूवाल्याला विकून टाकल्या.

पण हळूहळू पुस्तक घरोघरी पोचलं. गृहिणींची पत्रं यायला लागली, कुणी आपल्या गावची कृती पाठवी. ते करून बघत आणि पुढच्या आवृत्तीत घालत. आमच्या भाषेत, युजर फीडबॅक आणि नवीन रिलीज! कृती ७९० झाल्या.

पुस्तक वाचनीय का, तर कृतीत गोष्ट असते. १८५५ साली लिव्होर्नोला ते मिनेस्ट्रोने, म्हणजे भाज्यांचं दाट सूप, प्याले आणि रात्री पोट बिघडलं. सगळा दोष सुपाला देऊन ते फ्लोरेन्सला पळाले. नंतर बातमी आली की लिव्होर्नोत कॉलरा पसरलाय, आणि त्यांच्या घरमालकाचाच त्यात बळी गेला. सूप निर्दोष सुटलं, आणि त्याची कृती पुस्तकात आली.

गोडात 'पानेत्तोने मारिएत्ता' आहे. मैदा, लोणी, अंडी, साखर, बेदाणे; यीस्टची कटकट नाही, सोडा आणि क्रीम ऑफ टार्टरवर फुगतो. आमच्या ओव्हनमध्ये पहिल्याच फटक्यात जमला.

३० मार्च १९११ला, नव्वदाव्या वर्षी आर्तूसी गेले. पुस्तकाचे हक्क त्यांनी फ्रान्चेस्को आणि मारिएत्ताच्या नावे करून ठेवले होते.