अलौकिक पाठीराख्यांचा दास्तानगो

दिल्लीचे अखेरचे नामवंत दास्तानगो मीर बाकर अली यांचा जन्म १८५० चा. शौर्य आणि मायावी विद्येच्या प्रदीर्घ कथा तोंडी रंगविण्याची ही कला त्यांनी मामा मीर काझिम अली यांच्याकडून आत्मसात केली. दास्तानीतील अमीर हमजाला संकटसमयी चिरंजीव ख्वाजा खिज्र तारतात. त्याचा सोबती अम्र अय्यार याला सारे विश्व सामावणारी झोळी दैवी कृपेने लाभते. नायकांमागे असे पाठीराखे उभे करणाऱ्या या कलावंताचा स्वतःचा आश्रय मात्र ओसरला. वृद्धापकाळी त्यांनी सुपारी विकून गुजराण केली. १९२८ मध्ये ते निवर्तले. १९२० मध्ये भाषा सर्वेक्षणासाठी त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित झाला होता. २००५ मध्ये दास्तानगोई दिल्लीतच पुन्हा रंगमंचावर आली.