र. धों. कर्वे : उत्तर दिले म्हणून दंड

महर्षी धोंडो केशव कर्वे आपल्या डोईफोडियातल्या मराठी घरांना ठाऊक आहेत. हिंगण्याचा आश्रम, महिला विद्यापीठ, १०४ वर्षांचे आयुष्य, भारतरत्न, हे सारे आम्ही शाळेत शिकलो. त्यांच्या थोरल्या मुलाचे नाव मात्र आमच्या लहानपणी वडीलधारी माणसे हळू आवाजात घेत. त्या रघुनाथरावांविषयी आज लिहितो आहोत. आपल्या मंडळात लेकीसुनांचे दवाखाने, ऑपरेशने, सह्यांचे कागद यांची चर्चा नेहमी होते, आणि त्या चर्चेचे मूळ या माणसापाशी जाते.

जन्म १४ जानेवारी १८८२. आई राधाबाई १८९१ मध्ये बाळंतपणात गेल्या, तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. आम्ही बँकेत दाव्यांचे काम पाहत असू. तरुण खातेदार बाई गेली की नवरा मृत्यूचा दाखला घेऊन काउंटरपाशी उभा राही. कित्येकदा कारण विचारावे लागत नसे, कडेवरचे तान्हे मूलच ते सांगे. राधाबाईंविषयी वाचताना ते चेहरे आठवले.

रघुनाथ हुशार. १८९९ साली मॅट्रिकला पहिला आला, पुढे गणिताचा प्राध्यापक झाला, पॅरिसला जाऊन शिकून आला. १९२१ मध्ये त्याने मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी आपला दवाखाना उघडला होता, म्हणजे आपला माणूस जगाच्या मागे नव्हता. पण प्राध्यापकाने असले उद्योग करावेत हे विल्सन कॉलेजच्या चालकांना रुचले नाही. प्रचार सोडा नाहीतर नोकरी, असा पेच पडला आणि १९२५ मध्ये कर्व्यांनी नोकरी सोडली. पेन्शनवर जगणाऱ्या आमच्यासारख्यांना हा निर्णय वाचूनच धडकी भरते. घर पत्नी मालतीबाईंच्या शिक्षिकेच्या पगारावर चालले. दोघांनी स्वतःला मूल न होऊ देण्याचे ठरवले होते आणि ते पाळले. मालतीबाईंविषयी फार थोडे लिहिले गेले, ही आमची तक्रार आहे.

जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक निघाले. त्यात वाचकांच्या पत्रांना उत्तरे असत. जे घरी विचारता येत नाही, डॉक्टरसमोर तोंडातून फुटत नाही, ते माणसे या संपादकाला लिहून विचारत, आणि तो भीड न बाळगता शास्त्राला धरून उत्तर छापी.

याच उत्तरांवर खटला झाला. त्याआधी १९३१ मध्ये एका लेखाबद्दल अश्लीलतेच्या आरोपाखाली १०० रुपये दंड झालाच होता. पुढचा खटला १९३४ मध्ये चालला, तो वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांबद्दल. वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. गोलमेज परिषदा आणि पुणे करार नुकते होऊन गेलेले, देशाचे राजकारण डोक्यावर, तरी त्यांनी हे वकीलपत्र घेतले. त्यांचा मुद्दा साधा होता. विषय लैंगिक आहे एवढ्यावरून लिखाण अश्लील ठरत नाही. लोकांनी शंका विचारली, जाणकाराने उत्तर दिले, यात गुन्हा कुठला? एखाद्याच्या मनात विकृती असेल तर तीही ज्ञानानेच जाईल.

न्यायालयाला हे पटले नाही. दंड २०० रुपये. ज्याची कमाई मासिकाच्या वर्गणीवर, त्याला ही रक्कम जड होती. आमच्या मते खरी शिक्षा मात्र पत्र लिहिणाऱ्यांना झाली. आजारी माणसाला आपल्या शरीराविषयी विचारण्याचा हक्क आहे, हेच त्या निकालाने नाकारले. तेव्हा आपले बऱ्हाणपूर निमाड जिल्ह्यात, मध्य प्रांतात होते. प्रांत वेगळा असला तरी दंडसंहिता तीच होती. इथे कोणी असे उत्तर छापले असते तर त्यालाही तेच कलम लागले असते.

१९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांच्या पक्षाने संततिनियमनाचा ठराव आणला, तो पडला. कर्वे मासिक काढतच राहिले. त्यांची सगळी मते आम्हाला पटतात असे नाही. लग्नसंस्थेवर ते असे कोरडे ओढत की वाचताना अंगावर काटा येई. विरोधकाला गोडीत घेणे त्यांना जमलेच नाही. पण पैशासाठी किंवा भीतीपोटी त्यांनी एक ओळही बदलली नाही.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते गेले. त्याच्या आदल्याच वर्षी सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला होता. अश्लीलतेच्या कलमात शास्त्र, साहित्य, कला यांच्या हितासाठी केलेल्या लिखाणाला स्पष्ट सूट मिळाली ती १९६९ मध्ये, ते गेल्यावर सोळा वर्षांनी. १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यात सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तपासणीसाठी भूल दिलेल्या सज्ञान बाईची गर्भपिशवी तिच्या आईच्या संमतीवर काढता येणार नाही, तिचीच संमती हवी.

गेल्या वर्षी आमच्या नात्यातल्या एका सुनेबरोबर आम्ही दवाखान्यात गेलो होतो. गाव आणि दवाखाना सांगत नाही. तिच्या ऑपरेशनचा कागद आला तो थेट नवऱ्यापुढे, आणि त्याने न वाचता पेन उघडले. आम्ही म्हटले, थांब, आधी तिला वाचू दे. सून बारावी शिकलेली. तिने चष्मा लावला, सावकाश वाचले आणि डॉक्टरांना तीन प्रश्न विचारले. डॉक्टर भले, त्यांनी खुर्ची ओढून तिन्हींची उत्तरे दिली. मग तिने सही केली.