कै. चिंतामणराव देशमुख : अधिकार आणि त्याग

लांजी व एकंदर बालाघाट जिल्ह्यातील मराठी घराण्यांच्या इतिहासात १ नोव्हेंबर १९५६ हा दिवस विसरता येण्याजोगा नाही. तोपर्यंत या भागाची राजधानी नागपूर होती. त्या दिवशी जुन्या मध्यप्रदेशाची फाळणी झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्यप्रदेशातच राहिला आणि राजधानी भोपाळला हलली. कालपर्यंत एका राज्यात नांदणारी लांजी आणि शेजारची आमगाव, सालेकसा ही गावे दोन राज्यांत विभागली गेली. ज्या राज्य पुनर्रचनेमुळे हे घडले, तिच्यातील मुंबईच्या प्रश्नावर केंद्र सरकारच्या एका मराठी अर्थमंत्र्याने आपले पद सोडले. ते अर्थमंत्री म्हणजे कै. चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगड किल्ल्याच्या परिसरातील नाते या गावी झाला. वडील रोह्याचे वकील. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. पुढे केंब्रिज येथे निसर्गशास्त्राचा अभ्यास करून १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेतही त्यांनी पहिला क्रमांक पटकाविला.

त्यांच्या सरकारी सेवेची जवळजवळ पहिली वीस वर्षे मध्यप्रांत व वऱ्हाडात गेली. बालाघाट जिल्हा त्याच प्रांताचा भाग. रायपूरच्या जमाबंदीपासून नागपूरच्या सचिवालयातील महसूल व अर्थ खात्यांपर्यंत त्यांनी कामे केली. शेतसारा, पिकांची आणेवारी आणि रयतेचे कर्ज या गोष्टी त्यांना पुस्तकातून शिकाव्या लागल्या नाहीत. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेस ते हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात होते. १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले, तेही त्यांच्याच कारकिर्दीत.

१९५० साली जॉन मथाई यांनी राजीनामा दिल्यानंतर पंडित नेहरूंनी अर्थखाते चिंतामणरावांकडे सोपविले. ज्याने स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगला नाही, उलट ज्याला इंग्रज सरकारने सर ही पदवी दिली, त्याला हे पद का, असा प्रश्न अनेकांनी केला. चिंतामणरावांनी वाद घातला नाही. १९५२ साली ते कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले व कामाला लागले. पहिली पंचवार्षिक योजना त्यांच्याच काळात पार पडली. १९५३ साली मृत्युकराचा कायदा झाला, तेव्हा धनिक वर्ग रुष्ट झाला. १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि खेडोपाडी शाखा उघडण्याचे धोरण सुरू झाले. १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम काढून २४५ विमा संस्थांचा आयुर्विम्याचा कारभार सरकारने हाती घेतला. आधी वाच्यता न करता केलेल्या या कृतीवर व्यापारी जगतात बरीच टीका झाली. परंतु वाच्यता झाली असती तर विमेदारांच्या ठेवींना धोका होता, ही त्यामागची दृष्टी होती.

त्याच जानेवारी महिन्यात मुंबई शहर महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला. मुंबईत उद्रेक झाला, गोळीबार झाला, माणसे मेली. चिंतामणरावांनी गोळीबाराच्या न्यायालयीन चौकशीची मागणी केली. ती मान्य झाली नाही. पद सोडण्याचा मनोदय त्यांनी पंतप्रधानांना कळविला, पण राजीनामा काही महिने लांबला. या विलंबावरून महाराष्ट्रात त्यांच्यावर टीका झाली. पद सुटत नाही, असेही बोलले गेले. पुढे जूनमध्ये मुंबई पाच वर्षे केंद्रशासित राहील, अशी घोषणा पंडितजींनी मुंबईतच केली. मंत्रिमंडळात विचार न होता असे निर्णय जाहीर होतात, हा चिंतामणरावांचा मुख्य आक्षेप होता. जुलै १९५६ मध्ये ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि लोकसभेत निवेदन करून त्यांनी आपली कारणे मांडली. पंडितजींनी आरोप नाकारले. दिल्लीत काहींनी त्यांना प्रांताभिमानी म्हटले. पण त्यांची तक्रार एका शहरापुरती नव्हती, राज्यकारभाराच्या रीतीविषयी होती.

राजीनाम्यानंतरच्या लोकप्रियतेवर स्वार होऊन नेतेपद मिळविणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी तसे केले नाही. विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्षपद स्वीकारून ते १९६१ पर्यंत शिक्षणाच्या कामात राहिले, आणि १९६२ पासून पाच वर्षे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. ज्या सरकारातून बाहेर पडले त्याच सरकारने दिलेले काम करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. कारण भांडण व्यक्तीशी नव्हते.

१९५८ साली मुंदडा प्रकरणी आयुर्विमा महामंडळाच्या पैशाचा वाद होऊन त्यांच्यानंतरच्या अर्थमंत्र्यांना जावे लागले. १९५९ साली मद्रास येथील व्याख्यानात चिंतामणरावांनी मंत्र्यांवरील आरोपांच्या चौकशीसाठी स्वतंत्र, कायम न्यायमंडळ असावे, असे सुचविले आणि काही प्रकरणे आपणांस ठाऊक असल्याचेही सांगितले. पंडितजींनी पुरावा मागितला. चिंतामणरावांनी आधी न्यायमंडळ मागितले. न्यायमंडळ झाले नाही. पुरावा न देता बोलणे उचित होते काय, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. पण अशा यंत्रणेची गरज पुढे देशाने मान्य केली, हेही खरे.

१९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत स्वतंत्र पक्ष व जनसंघाच्या पाठिंब्याने ते उभे राहिले आणि गिरी व संजीव रेड्डी यांच्यामागे तिसरे आले. १९५३ साली त्यांचा दुर्गाबाईंशी विवाह झाला होता. समाजसेवेत त्या पतीच्या तोडीच्या होत्या. संस्कृतवरील त्यांचे प्रेम अखेरपर्यंत टिकले. मेघदूताचे मराठी भाषांतर व संस्कृत काव्यरचना ही त्यांच्या फुरसतीची फळे. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या राजीनाम्याने मुंबईचा प्रश्न तत्काळ सुटला नाही. आधी द्वैभाषिक राज्य झाले, आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र अस्तित्वात आला. लांजी मात्र आहे तेथेच, सीमेच्या या बाजूला राहिली. तरीही येथील मराठी माणसाने त्यांचे स्मरण ठेवावे ते अन्य कारणासाठी. देवस्थानचे असो वा देशाचे, दुसऱ्याच्या ठेवीवर नेमलेल्या माणसाने हिशेब चोख ठेवावा, निर्णय सर्वांना विचारून व्हावा असा आग्रह धरावा, आणि तो आग्रह चालत नसेल तर किल्ल्या शांतपणे खाली ठेवाव्यात. चिंतामणरावांनी उशिरा का होईना, किल्ल्या खाली ठेवल्या, आणि त्या परत मागितल्या नाहीत.