बंदुकीसाठी शोधलं आणि थेट ताटात आलं! स्टेनलेस स्टीलवाल्या हॅरी ब्रिअर्लीची गोष्ट

तुमच्या स्वयंपाकघरातला स्टीलचा चमचा आणि स्टेनलेस स्टीलचं पिस्तूल यांच्यात काय नातं असेल? दोघांच्याही मुळाशी एक जुनी तक्रार आहे, रायफलच्या नळ्या लवकर झिजतात ही. ती तक्रार सोडवायला बसलेल्या माणसाला उत्तर मिळालं, पण ते भलत्याच प्रश्नाचं होतं!

आता दुसरा प्रश्न. स्टेनलेस स्टील गंजत नाही म्हणतात, मग त्याच्या पिस्तुलावर वरून वेगळा लेप कशाला देतात? याचंही उत्तर याच माणसाच्या आयुष्यात सापडतं. त्याचं नाव हॅरी ब्रिअर्ली.

बाटल्या धुणारा पोरगा

१८ फेब्रुवारी १८७१ रोजी इंग्लंडमधल्या शेफिल्डमध्ये हॅरीचा जन्म झाला. शेफिल्ड म्हणजे पोलादाचं आणि सुऱ्या-चाकूंचं गाव. वडील भट्टीवर पोलाद वितळवण्याचं काम करायचे. घरात नऊ भावंडं आणि परिस्थिती बेताचीच. बाराव्या वर्षी हॅरीची शाळा सुटली आणि तो वडिलांच्याच कारखान्यात, 'थॉमस फर्थ अँड सन्स'मध्ये कामाला लागला.

थोड्याच दिवसांत त्याला कारखान्याच्या रासायनिक प्रयोगशाळेत काम मिळालं. काम काय, तर बाटल्या धुणं! पण तिथले मुख्य रसायनतज्ज्ञ जेम्स टेलर यांनी पोराची हुशारी ओळखली. त्यांच्या प्रोत्साहनाने हॅरी दिवसा काम आणि रात्री अभ्यास करत पोलादाच्या रसायनशास्त्रात तयार झाला. पुढे कंपनीने त्याला रशियन साम्राज्यातल्या रिगा शहरातल्या कारखान्यावर पाठवलं. तिथून परत आल्यावर १९०८ मध्ये तो 'ब्राऊन-फर्थ' या नव्या संशोधन प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. ज्याने बाटल्या धुतल्या, तोच आता प्रयोगशाळा चालवत होता.

नळी का झिजते?

१९१२ मध्ये त्याच्यासमोर रायफलच्या नळीचा प्रश्न आला. गोळी सुटते तेव्हा तापलेले वायू प्रचंड दाबाने नळीतून जातात. त्यामुळे नळी आतून झिजते, गोळी सैल बसू लागते आणि नेम बिघडतो. पोलादात क्रोमियम वाढवलं तर ते जास्त उष्णता सोसेल, असा ब्रिअर्लीचा अंदाज होता.

क्रोमियम आणि कार्बनचं प्रमाण बदलत त्याने प्रयोग केले. १३ ऑगस्ट १९१३ रोजी विजेच्या भट्टीतून जे पोलाद निघालं, त्यात १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन होता.

इथे एक दंतकथा नेहमी सांगितली जाते. भंगारात फेकलेला एक तुकडा तसाच चमकत राहिला आणि ब्रिअर्लीची नजर त्याच्यावर पडली, अशी ती आहे. पण मुद्द्याची गोष्ट प्रयोगशाळेत घडली. पोलादाची आतली रचना सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, तर आधी त्याच्या पृष्ठभागावर आम्ल लावून तो खरवडावा लागतो. या पोलादावर नेहमीचं आम्ल चालेचना! मग त्याने व्हिनेगर आणि लिंबाचा रस लावून पाहिला. त्यालाही पोलाद बधलं नाही.

नळीसाठी त्या पोलादाचा तेव्हा काही उपयोग झाला नाही. पण शेफिल्डचा पोरगा होता तो! जेवणाच्या टेबलावरच्या सुऱ्या आंबट पदार्थांनी काळ्या पडतात आणि रोज घासाव्या लागतात, हे तो लहानपणापासून बघत आला होता. या पोलादाच्या सुऱ्या करायच्या, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

न कापणाऱ्या सुऱ्या

मालकांना त्यात फारसा रस वाटला नाही. कारागिरांनी सुऱ्या करून पाहिल्या आणि नाकं मुरडली. पोलाद ठोकायला कठीण, घासायला कठीण आणि धारही धरत नाही, अशा तक्रारी आल्या. ब्रिअर्लीला दोष पोलादाचा वाटत नव्हता. नेहमीच्या पोलादाला जसं पाणी देतात तसं याला देऊन चालत नाही, याला जास्त तापमान लागतं, हे त्याला कळलं होतं.

१९१४ मध्ये 'मोझ्ली'च्या कारखान्याचे व्यवस्थापक अर्नेस्ट स्टुअर्ट यांनी या पोलादावर प्रयोग केले. पहिले प्रयत्न फसले, पण शेवटी सुऱ्या जमल्या. ब्रिअर्ली या पोलादाला 'रस्टलेस' म्हणजे न गंजणारं म्हणायचा. व्हिनेगरनेही डाग पडत नाही हे बघून स्टुअर्ट यांनी त्याला 'स्टेनलेस' म्हटलं आणि तेच नाव टिकलं.

शोध कुणाचा?

इथेच ठिणगी पडली. पेटंट आणि श्रेय यांवरून ब्रिअर्ली आणि फर्थ यांच्यात बिनसलं. १९१५ मध्ये त्याने प्रयोगशाळा सोडली. जिथे बाराव्या वर्षी पाऊल ठेवलं होतं, ती कंपनी त्याला परकी झाली. तो शेफिल्डमधल्याच 'ब्राऊन बेली' कंपनीत गेला. जॉन मॅडॉक्स नावाच्या जाणत्या सहकाऱ्याच्या मदतीने त्याने परदेशात पेटंटसाठी अर्ज केले. १९१६ मध्ये अमेरिकेचं पेटंट मिळालं आणि १९१७ मध्ये फर्थ आणि ब्रिअर्ली यांची संयुक्त संस्था उभी राहिली.

खरं तर या वाटेवर तो एकटा नव्हता. जर्मनीत क्रुप कंपनीचे माउरर आणि स्ट्राउस, अमेरिकेत एलवुड हेन्स हेही अशाच पोलादांवर काम करत होते. पण ही वस्तू लोकांच्या हातात कशी द्यायची, हे ब्रिअर्लीने दाखवलं. पहिल्या महायुद्धात हे पोलाद विमानांच्या इंजिनांच्या व्हॉल्व्हसाठी वापरलं गेलं. १९२० मध्ये त्याला बेसेमर सुवर्णपदक मिळालं. १४ जुलै १९४८ रोजी टॉर्की इथे त्याचं निधन झालं.

मग पिस्तुलावर लेप का?

त्यानंतर १७ वर्षांनी, १९६५ मध्ये, अमेरिकेच्या 'स्मिथ अँड वेसन'ने 'मॉडेल ६०' हे स्टेनलेस स्टीलचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. बंदुकीसाठी शोधायला घेतलेलं पोलाद अखेर बंदुकीपर्यंत पोहोचलं!

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. या पोलादातलं क्रोमियम हवेतला ऑक्सिजन घेऊन काही नॅनोमीटर जाडीचा अदृश्य पापुद्रा तयार करतं. ओरखडा पडला तरी तो पुन्हा धरतो. म्हणजे पोलाद आपला लेप आपणच देतं. पण घामातलं मीठ हा पापुद्रा भेदतं. शिवाय बंदुकीच्या सुट्या भागांसाठी बऱ्याचदा कठीण होणारं स्टेनलेस वापरतात. ते ब्रिअर्लीच्या पोलादाच्या जातीचं असतं आणि ताटं-वाट्यांच्या १८/८ स्टीलपेक्षा लवकर गंजतं.

फिनिश निवडताना म्हणूनच या गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात:

- ब्लूइंग आणि फॉस्फेट: साध्या पोलादावरचे हे जुने उपाय स्टेनलेसवर नीट चढत नाहीत, कारण मध्ये तो पापुद्रा येतो.
- पॅसिव्हेशन: यात आम्लाने पृष्ठभागावरचे लोखंडाचे कण काढून टाकतात. रंग बदलत नाही आणि मूळ पापुद्रा नीट धरतो.
- सिरॅमिक रंग: हा फवारून भट्टीत भाजतात. ओलावा आणि मीठ अडवण्यात तो उत्तम, पण होल्स्टरच्या घासण्याने कडा झिजतात. आधी पृष्ठभाग खरखरीत आणि तेलमुक्त केला नाही, तर तो सोलून निघतो.
- पीव्हीडी: निर्वात कक्षात चढवलेला काही मायक्रॉनचा अतिशय कठीण थर. घासणं चांगलं सोसतो, पण पातळ असल्याने खालचं पोलादही चांगलं लागतं.
- नायट्रायडिंग: पृष्ठभाग कठीण होतो. मात्र तापमान चुकलं तर नायट्रोजन क्रोमियमला बांधून टाकतो आणि स्टेनलेसपणाच कमी होतो.

थोडक्यात, घाम आणि दमट हवेसाठी सिरॅमिक, सतत घासण्यासाठी पीव्हीडी. आणि नियमित पुसून तेलाचा हात फिरवणाऱ्याला नुसतं पॅसिव्हेट केलेलं उघडं स्टीलही पुरतं.

पटत नसेल, तर स्टीलच्या भांड्यात मिठाचं पाणी काही दिवस तसंच राहिल्यावर तळाला पडणारे बारीक ठिपके आठवा. हॅरी ब्रिअर्लीच्या पोलादालाही पुसायला कुणीतरी लागतंच!