रेसिंगवेडा इंजिनियर आणि सायलेन्सरमधली जाळी

बाईकच्या सायलेन्सरमधलं 'कॅटकॉन' म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकलं की पिकअप वाढतो, असं छातीठोकपणे सांगणारा एक तरी पार्टनर प्रत्येक हॉस्टेलमध्ये असतोच. पण ते ज्याने बनवलं तो यूजीन हूड्री स्वतः रेसिंगचा पक्का वेडा होता, हे किती जणांना माहीत असेल?

हूड्रीचा जन्म १८९२ साली पॅरिसजवळच्या दोमाँ गावात झाला. वडिलांचा पोलादाचा धंदा. हा मेकॅनिकलचा विद्यार्थी, म्हणजे आपल्यातलाच! १९११ मध्ये तो इंजिनियर झाला. पहिल्या महायुद्धात तो रणगाडा दलात होता आणि १९१७ मध्ये जबर जखमी झाला. युद्धानंतर घरच्या धंद्यापेक्षा त्याला मोटारींच्या शर्यतींनी जास्त ओढलं. इंडियानापोलिसची रेस बघायला तो थेट अमेरिकेला गेला. इंजिनची ताकद वाढवायची तर आधी पेट्रोल चांगलं हवं, हे त्याच्या लक्षात आलं आणि तो केमिस्ट्रीत घुसला.

जड तेलाचं पेट्रोल करायला त्याने कॅटॅलिस्ट वापरला. अडचण एकच होती: थोड्याच वेळात कॅटॅलिस्टवर कार्बनचा थर बसायचा आणि काम थांबायचं. हूड्रीने तो थर जाळून कॅटॅलिस्ट पुन्हा ताजा करायची पद्धत बसवली. १९३० मध्ये तो अमेरिकेत गेला आणि १९३७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मार्कस हुक इथे सन ऑइलचा मोठा प्लँट सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या विमानांना लागणारं १०० ऑक्टेनचं इंधन बनवण्यात या पद्धतीचा मोठा वाटा होता.

एवढं नाव आणि पैसा मिळाल्यावर दुसरा कोणी आराम करत बसला असता. हूड्रीला मात्र शहरांतला धूर आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांची काळजी लागली. आपणच सुधारलेल्या पेट्रोलवर गाड्या धावतायत, मग त्यांच्या धुराचं काय? १९५० च्या सुमारास त्याने ऑक्सी-कॅटॅलिस्ट ही कंपनी काढली आणि १९५६ मध्ये त्याला कन्व्हर्टरचं पेटंट मिळालं. आयडिया सोपी होती. अर्धवट जळालेलं पेट्रोल आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड कॅटॅलिस्टवर पूर्ण जाळायचं, म्हणजे बाहेर पडेल कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ.

पण नशीब बघा! तेव्हाच्या पेट्रोलमध्ये नॉकिंग थांबवायला शिसं घालत, आणि शिसं लागलं की कॅटॅलिस्ट निकामी. १९६२ मध्ये हूड्री गेला. अमेरिकेतल्या बहुतेक नव्या गाड्यांत कन्व्हर्टर आला तो १९७५ च्या मॉडेल्सपासून. आपल्याकडे मुंबईसह चार महानगरांत १९९५ मध्ये नव्या पेट्रोल कार्सना तो लागू झाला, आणि २००० मध्ये देशभरातलं पेट्रोल शिसेविरहित झालं. म्हणजे ही गोष्ट रस्त्यावर सगळीकडे दिसायला त्याच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षं गेली.

आणि आपण ती गॅरेजमध्ये अर्ध्या तासात काढून फेकतो! कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, त्यामुळे आपलं काही बिघडलंय असं वाटतही नाही. सिग्नलला मागे उभ्या असलेल्या स्कूटरवरच्या काकू आणि पुढे बसलेलं त्यांचं पोर मात्र ते श्वासात घेतात. कायद्याचं तर सोडाच, पण प्लॅटिनम-पॅलेडियमचा लेप दिलेली ती जाळी धरूनच कंपनीने नव्या बाईकचं ट्यूनिंग केलेलं असतं.

हूड्रीला वेगही हवा होता आणि स्वच्छ हवाही. इंजिनियरचं काम पिस्टनपाशी संपत नाही, सायलेन्सरच्या टोकापर्यंत जातं, एवढं त्याच्याकडून शिकलो तरी पुष्कळ झालं.